अपरिचित शब्द आणि पाटणचा शिलालेख

वाचन करीत असतां मध्येंच एखादा अनोळखी शब्द आडवा येतो, तेव्हां वाचक तीन प्रकारांनीं वागतात. कांहीं जण त्याला वळसा घालून पुढें जातात. कांहीं जण लगेच कोशाकडे धांव घेतात. आणि फार थोडे तेथेंच क्षणभर थांबून, तो शब्द ज्या वाक्यांत बसला आहे त्या वाक्यालाच त्याची हकीकत विचारतात. पहिल्या वर्गास गोष्ट कळते, पण भाषा कळत नाहीं. दुसऱ्या वर्गास अर्थ मिळतात, पण त्यांतील कोणता घ्यावा हें पुष्कळदां उमगत नाहीं. तिसऱ्या वर्गाची रीत शाळेंतील मुलांपुरतीच आहे, असें समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वस्तुतः आपल्या देशाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग याच रीतीनें वाचला गेला आहे. हें आमचें म्हणणें खानदेशांतीलच एका दगडाच्या साक्षीनें वाचकांपुढें मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे.

भुसावळाहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगांव लागतें. तेथून दक्षिणेकडे, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण हें जुनें स्थान आहे. आज तें पाटणादेवीच्या नांवानें ओळखलें जातें. येथील देवीच्या मंदिरांतला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणला, आणि पुढें डॉ. कीलहॉर्न यांनीं तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडांत संपादून छापला. लेखांत शके ११२८ चा निर्देश आहे. ज्ञानेश्वरीचा काल शके १२१२ धरला, तर हा लेख तिच्या पूर्वीं चौऱ्याऐंशी वर्षांचा ठरतो. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक निकुंभ वंशीय सोइदेव व हेमाडिदेव यांच्या काळीं, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें 'सिद्धान्तशिरोमणि' आणि आपल्या कुळांतील इतर ज्योतिषग्रंथ यांच्या अध्ययनासाठीं येथें एक मठ स्थापिला. त्या मठाला कोणकोणतें उत्पन्न लावून दिलें, तें या दगडावर कोरलेलें आहे.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. त्यांत राजांची आणि पंडितांची यथास्थित स्तुति आहे. शेवटच्या थोड्या ओळींत मात्र संस्कृत सुटून लोकभाषा सुरू होते. याचें कारण उघड दिसतें. स्तुति कोणत्याही भाषेंत केली तरी चालते. परंतु कर कोणीं, किती व कोणास द्यावयाचा, हें ज्याच्याकडून तो घ्यावयाचा त्याला कळलेंच पाहिजे. म्हणून जेथें तेलाचा, सुपारीचा आणि मापाचा प्रश्न आला तेथें लेख बाजाराच्या भाषेंत बोलूं लागला. मराठीचे जे अगदीं जुने लेख आज आपणांस उपलब्ध आहेत, त्यांत या ओळींची गणना होते.

आतां साधारण शिकलेल्या मराठी वाचकापुढें या ओळी ठेविल्या तर काय होईल? कांहीं शब्द त्याला ताबडतोब ओळख देतील. 'घाणे' आहेत, 'पळी' आहे, तेल आहे, 'लोटि' आहे, 'ग्राहक' आहे, 'माप' आहे. 'पोफळी' या शब्दाशीं तो थोडा अडखळेल. पण कोंकणांतील पोफळीचीं झाडें आठवलीं म्हणजे येथें सुपारीची गोष्ट चालली आहे हें त्याला कळेल. यानंतर मात्र खरी अडचण सुरू होते. 'केणें', 'राउला', 'विसोवा', 'मवावें', 'मापहारी', 'सुंक', 'दीन्हला' हे शब्द एकामागून एक त्याच्यापुढें उभे राहतात. येथें वाचकाची परीक्षा आहे.

'केणें' हाच शब्द प्रथम घेऊं. आजच्या बोलण्यांत तो उरलेला नाहीं. परंतु त्याचा शेजार पाहा. तो 'पाटणीं', म्हणजे पेठेच्या गांवांत आहे. तो उघडला जातो. त्याच्यापुढें ग्राहक उभा आहे. आणि त्यावर कर बसतो. पेठेंत आणून उघडलें जाणारें, गिऱ्हाईक जें घेतें आणि ज्यावर कर पडतो, असें दुसरें काय असणार? विक्रीचा माल. जुन्या मराठींत अन्यत्रही हा शब्द याच अर्थानें आढळतो, त्यामुळें हा तर्क पक्का होतो. वाक्यानें अर्थ सुचविला आणि दुसऱ्या स्थळांनीं त्यास दुजोरा दिला, असा हा क्रम आहे.

'मापहारी' या शब्दाचीही तीच गोष्ट. जें मोजावयाचें तें मठाच्या मापानें मोजावें आणि मोजणावळीचा अर्धा भाग मठास व अर्धा मापहाऱ्यास, असा तेथील आशय आहे. ज्याला हिस्सा मिळतो तो कोणी तरी माणूस असला पाहिजे, आणि मोजणावळींत हिस्सा मागण्याचा हक्क मोजणाऱ्याचाच. 'मवावें' म्हणजे मोजावें, हेंही त्याच वाक्यांतून सुटतें. 'सुंक' हा शब्द 'शुल्क' याचें झिजलेलें रूप आहे. शब्दाचें मूळ ज्यास दिसलें त्याला तो चटकन कळतो. 'विसोवा' येथें मात्र घाई केल्यास फसगत होते. त्याचा उच्चार 'विसावा' या शब्दाजवळचा आहे आणि 'विसोबा' या नांवाच्याही जवळचा आहे. परंतु त्याच्या शेजारीं 'दाम' हें नाणें बसलें आहे. नाण्याला विसावा घ्यावयाचा नसतो. नाण्याचे भाग होतात. 'वीस' हा आंकडा त्या शब्दांतच दडलेला आहे, आणि उत्तर हिंदुस्थानांत बिघ्याच्या विसाव्या हिश्शास 'बिस्वा' म्हणतात हें आठवलें म्हणजे दामाचा विसावा भाग हा अर्थ हातीं येतो.

अपरिचित शब्द असे एकेक करून वश होतात. परंतु खरा घात करणारा शब्द निराळाच आहे. तो परिचित दिसतो, आणि म्हणून त्याच्यापाशीं कोणी थांबत नाहीं. या लेखांतील 'राउला' हा तसा शब्द आहे. 'राऊळ' म्हटलें कीं आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें देऊळ उभें राहतें. अभंगांतून, ओव्यांतून तोच अर्थ आपल्या कानांवर पडलेला आहे. तो अर्थ येथें घातला तर लेखाचा आशय असा होईल, कीं पूर्वीं जो कर देवळाला जात होता तो आतां मठाला दिला. म्हणजे एका धर्मस्थानाचें उत्पन्न काढून दुसऱ्यास दिलें! त्यावरून देऊळ आणि मठ यांच्या कलहाची एक कल्पित कथाही कोणी रचूं शकेल. परंतु 'राऊळ' हा शब्द 'राजकुल' यापासून आला आहे. प्रथम त्याचा अर्थ राजगृह, राजाचा वाडा असा होता. देव हाच राजा मानला गेल्यावर देवाच्या घरासही तोच शब्द लागला. पाटणच्या लेखांत पहिला अर्थ जिवंत आहे. ग्राहकाकडून जो कर राजाकडे जात होता, तो राजानें आपला हक्क सोडून विद्येच्या मठास दिला, असें तेथें लिहिलेलें आहे. एका शब्दाच्या अर्थानें दानाचा तंटा होतो किंवा तंट्याचें दान होतें. इतिहासांत शब्दार्थाला एवढें महत्त्व कां, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

राहिला 'दीन्हला'. पुणेरी वळणाच्या वाचकास हें रूप विचित्र वाटतें; 'दिला' यांत हा 'न्ह' कोठून आला, असें तो विचारतो. धुळें, अमळनेर, चाळीसगांव या बाजूच्या शेतकऱ्यास मात्र तो प्रश्न पडणार नाहीं. अहिराणींत 'दिन्हं', 'लिन्हं' हीं रूपें आजही रोज ऐकूं येतात. हिंदीच्या जुन्या काव्यांतही 'दीन्हा' असें रूप आहे. एवढ्यावरून शिलालेखाची भाषा अहिराणीच होती, असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल; कारण 'न्ह' असलेलीं रूपें जुन्या मराठींत इतरत्रही आहेत. परंतु ज्या बोलीला आपण अडाणी म्हणून हंसतों तिच्या तोंडीं दगडावरच्या शब्दाची किल्ली आहे, ही गोष्ट मात्र नाकारतां येत नाहीं. ग्रियर्सन यांनीं आपल्या भाषापाहणीच्या १९०७ सालच्या भागांत खानदेशी बोलीला स्वतंत्र स्थान देऊन तिचे नमुने नोंदवून ठेविले. तें काम परक्या अधिकाऱ्यानें करावें आणि आपल्या घरांतून मुलांना ती बोली बोलूं नये म्हणून दटावावें, हा विरोध विचार करण्यासारखा आहे.

भुसावळच्या वाचकास ही गोष्ट अधिक लवकर पटावी, कारण हें गांव गाड्यांप्रमाणें शब्दांचेंही जंक्शन आहे. लोहमार्गाबरोबर येथें नाना प्रांतांचे लोक आले व त्यांच्या संगतीनें शब्दांनीं आपले अर्थ बदलले. 'खलाशी' हाच शब्द घ्या. रत्नागिरीच्या वाचकानें तो वाचला कीं त्याला गलबत आणि समुद्र दिसतो. भुसावळांत पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द रेल्वेच्या कारखान्यांत हातीं पाना घेऊन काम करणाऱ्या माणसाचा आहे, आणि येथून समुद्र तर शेंकडों मैल दूर. दोन्ही अर्थ खरे आहेत. कोणत्या पानावर कोणता लागू आहे हें शेजारच्या वाक्यांनींच सांगावयाचें.

याच मुलुखांतील बोलीचें दुसरें एक उदाहरण देऊं. आसोद्याच्या माहेरच्या आणि जळगांवच्या सासरच्या बहिणाबाई चौधरी यांच्या कविता १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या, तेव्हां मुंबई-पुण्याच्या वाचकांना लेवा बोलीचे अनेक शब्द नवे होते. परंतु लक्षपूर्वक वाचणारास थोड्याच पानांत एक नियम सांपडतो: जेथें आपण 'ळ' म्हणतों तेथें ही बोली 'य' म्हणते. डोळा तो 'डोया', केळी ती 'केयी', काळा तो 'काया'. हा एक नियम कळला कीं शेंकडों शब्दांचीं कुलुपें एकदम निघतात. पण त्यालाही जपून वापरावें लागतें. 'काया' म्हणजे शरीर असाही शब्द मराठींत आहे. तेव्हां रंगाची गोष्ट चालली आहे कीं देहाची, हें पुन्हा वाक्यालाच विचारावें लागतें.

शेजारापासून अर्थ काढण्याची ही रीत केवळ बोलींना लागू आहे असें नाहीं. मराठेशाहीच्या पत्रांतील कालगणना पाहा. त्यांत वर्ष आंकड्यांनीं न देतां अरबी शब्दांनीं देत. पानिपतच्या सालच्या पत्रांवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असें वर्ष येतें. अरबीचें एक अक्षर न शिकलेल्या माणसानें अशीं पत्रें क्रमानें लावून पाहिलीं, तर त्याच्या काय ध्यानांत येईल? पहिला शब्द दरवर्षीं बदलतो. दुसरा दहा वर्षांनीं बदलतो. आणि शेवटचे दोन पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहतात. तेव्हां पहिला एककाचा, दुसरा दशकाचा, आणि शेवटचे शतकाचा व सहस्राचा असले पाहिजेत, हें त्याला कोशावांचून कळेल. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११६१. हें शुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होतें; मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. पानिपतचा दिवस १४ जानेवारीचा, म्हणून ६०० मिळवावयाचे. १७६१ बरोबर येतात. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तो याच काळच्या पत्रांचा. असे शब्द उलगडल्यावांचून त्या पत्रांचा क्रम लावणेंच अशक्य होतें.

या रीतीला धोके आहेत, तेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका असा, कीं न कळलेल्या शब्दाच्या जागीं कळणारा शब्द बसवून मोकळें व्हावेंसें वाटतें. जुन्या पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांकडून असें पुष्कळदां झालें. ज्ञानेश्वरींत पाठभेद माजले होते म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्यें ती शुद्ध करावी लागली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. म्हणून दोन पोथ्यांत दोन पाठ आढळले, एक सोपा आणि एक अवघड, तर शोधक पुष्कळदां अवघड पाठाकडे कल ठेवतात; कारण अवघडाचा सोपा करणारे हात अनेक असतात, सोप्याचा अवघड करण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं.

दुसरा धोका अभिमानाचा. भास्कराचार्यांनीं आपलें गांव 'विज्जडविड' असें सांगितलें असून तें सह्याद्रीच्या आश्रयास असल्याचें म्हटलें आहे. हा शब्द आज कोणत्याही गांवच्या नांवाशीं सरळ जुळत नाहीं. नातवाचा मठ पाटणास, तेव्हां आजोबांचें गांवही तेंच, असें म्हणण्याचा मोह आम्हां खानदेशच्या लोकांस होणें स्वाभाविक आहे. इतरांनीं विजापूर आणि बीड यांचाही पक्ष घेतला आहे. परंतु मठ कोठें होता याचा पुरावा म्हणजे जन्म कोठें झाला याचा पुरावा नव्हे. जो शब्द सुटला नाहीं तो सुटला नाहीं असेंच लिहून ठेवावें. नामसादृश्यही असेंच फसवतें. भुसावळच्या पूर्वेस तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नांवाचें गांव आहे. तें ज्ञानदेवांस कोरें पत्र धाडणाऱ्या योगी चांगदेवांचें. पाटणचा चांगदेव ज्योतिषी, आणि तो त्यांच्या आधींच्या पिढ्यांतला. योगी चौदाशें वर्षें जगले अशी परंपरा असल्यामुळें भाविक वाचकास या दोघांना एक करण्यांत कालाचीही अडचण वाटणार नाहीं. इतिहासाच्या वाचकास ती वाटली पाहिजे.

आणि कोश? कोशाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ सालीं निघाला, १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति झाली. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून सात खंडांत प्रसिद्ध झाला. माधवराव पटवर्धन यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ चा. राजवाड्यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास देह ठेवला आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या गांवीं उभें राहिलें; त्यांचा धातुकोश त्याच मंडळानें प्रकाशांत आणला. राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या पुढील अभ्यासकांनीं मान्य केल्या नाहींत. कारण शब्दाचें मूळ शोधण्याच्या भरांत ते कधीं कधीं फार दूरचें नातें लावीत. तरीही शब्दापाशीं थांबून त्याला प्रश्न करण्याची जी संवय त्यांनीं लावली, तिचें मोल कमी होत नाहीं. आज हे कोश खिशांतल्या यंत्रावर क्षणांत उघडतात. यामुळें सोय झाली हें खरें. पण कोश एका शब्दाचे पांच अर्थ देतो, आणि समोरच्या ओळींत त्यांतला कोणता बसतो हें सांगत नाहीं. त्याला साक्षीदार म्हणून बोलवावें. निवाडा मात्र ओळ पुन्हा वाचून आपला आपणच करावा.

म्हणून घरांत मुलें मोठ्यानें वाचीत असतील आणि एखाद्या शब्दाशीं अडलीं, तर वडील माणसांनीं अर्थ सांगून मोकळें होऊं नये, आणि 'सोड, पुढें वाच' असेंही म्हणूं नये. आधीं मुलाला काय वाटतें तें विचारावें; मग तें कशावरून वाटलें हें विचारावें; तो अर्थ पुढच्या ओळींत टिकतो कीं नाहीं हें त्याच्याकडूनच पाहवून घ्यावें; आणि मग कोश उघडावा. घरांत आजी असेल तर कोशाच्या आधीं तिला विचारावें. तिच्या तोंडचे पुष्कळ शब्द कोणत्याही कोशांत आलेले नाहींत, आणि ती आहे तोंवरच ते विचारतां येतील.

पाटणच्या व्यापाऱ्यांनीं आणि तेल्यांनीं ग्रहगणिताच्या अभ्यासासाठीं दर घाण्यामागें पळी पळी तेल दिलें. तें किती, हें आठशें वर्षांनंतर आपणांस कळतें, कारण पळी अजून आपल्या घरांत आहे. लांकडी घाणे खेड्यांतून बहुतेक गेले. पळी देवघराच्या पंचपात्रींत तेवढी राहिली आहे. वस्तू गेली कीं थोड्या वर्षांनीं तिचा शब्द जातो, आणि मग दगडावरची सरळ ओळही अवघड होते. खानदेशांतल्या घराघरांतून असे शब्द कोणी टिपून ठेविले, तर पुढें तो दगड वाचणाराचे श्रम पुष्कळ वांचतील.